डावीकडचा खळगा

१

माणूस उठून गेला तरी त्याचं बसणं मागं राहतं. कुठल्याही जुन्या सोफ्यावरून मला नुसता तळहात फिरवू द्या. बसणारा किती वजनाचा, पाय दुमडून बसतो की सोडून, कुठला गुडघा धरून उठतो, एवढं मी सांगतो. यात जादू काही नाही. फोमला खोटं बोलता येत नाही, इतकंच. वेस्ट ब्रिजफोर्डच्या एका बाईंनी एकदा सोफा नवीन कापड घालायला पाठवला होता. मी सहज फोनवर म्हटलं, "मॅडम, तुमचे मिस्टर रोज रात्री यावरच झोपतात, तर जरा कडक फोम घालू का?" मग त्या म्हणाल्या, "माझे मिस्टर गेली तीन वर्षं नाइट शिफ्टला आहेत." तेव्हापासून सोफ्यात वाचलेलं मी सोफ्यातच ठेवतो.

हा धंदा मी शाळेत शिकलो नाही. १९८१ साली अलकाला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी डॉक्टरीणबाईंचे मिस्टर म्हणून तिच्या मागोमाग बॅगा घेऊन उतरलो. बी.कॉम.च्या दोन वर्षांना इथे कुणी विचारत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या पोलिश कारागिराच्या दुकानात झाडू मारायला लागलो आणि बघूनबघून शिकलो. बारीक खिळ्यांना आपण चुका म्हणतो. तो म्हातारा चाळीस चुका तोंडात धरायचा आणि जिभेने एकेक पुढे काढून हातोडीला लावायचा. महिनाभरात मलाही ते जमलं. तोंडात चुका असल्या की माणूस गप्प राहतो आणि काम चांगलं होतं. तोंड रिकामं असलं की मी बोलतो, आणि त्यावर धंदा चालतो. दुकानात येईल त्याला "बसा", निघेल त्याला "या हं". आमच्या गल्लीतले गोरेसुद्धा आता दारातून "या हं, डीन!" ओरडतात. दीनानाथ त्यांच्या तोंडात मावत नाही.

हे सगळं हसत सांगायचे दिवस होते. या ऑक्टोबरात ते नव्हते. अलकाचं हृदय थकलं होतं. पायांना सूज, दोन पायऱ्यांत धाप, आडवं झोपता येत नाही म्हणून दिवसरात्र रिक्लायनरमध्ये. चोवीस नोव्हेंबरला तिला पेसमेकर बसवायचा होता. तो बसला तर आणखी काही वर्षं मिळतील, असं कन्सल्टंट म्हणाले होते. म्हणजे मला एकच काम होतं, तिला चोवीस तारखेपर्यंत नेऊन पोचवायचं.

२

गावातल्या एका म्युझियममध्ये अमेरिकेच्या एका माजी अध्यक्षाचं प्रदर्शन भरायचं होतं, आयुष्य आणि वारसा वगैरे. नाव मी मुद्दामच लिहीत नाही. माणूस कधीच वारलेला आहे, आणि नाव घेतलं की ऐकू जातं, असं मला अलीकडे वाटतं.

प्रदर्शन लावणारी हेदर माझ्या ओळखीची. तिच्या आईचं स्टूल मी दुरुस्त केलं होतं. इकडचे लोक लाडानं कुणालाही 'डक' म्हणतात. ती म्हणाली, "डीन, डक, एक खोली उभी करायचीय. अध्यक्षपद सोडल्यावर हा माणूस ज्या बैठकीच्या खोलीत राहिला, ती. खरी खुर्ची अमेरिकेतून हलवत नाहीत. तू हुबेहूब करून देशील का?"

सांगाडा दुसऱ्यानं केला. गादी, पट्टे, कापड मी. फोटोवरून माप घेतलं. बाटलीसारख्या हिरव्या रंगाचं मखमली कापड, पाठ उंच, हात रुंद. काम मनासारखं झालं. तोंडात चुका धरून शेवटची कड मारली, तेव्हा वाटलं, तो पोलिश म्हातारा आज असता तर त्यानं मान डोलावली असती.

खुर्ची खोलीत ठेवली. पुढे लाल दोर, दोराला सेन्सर. कुणी पाय आत टाकला की भोंगा. त्या खुर्चीवर बसायला कुणालाच परवानगी नव्हती. मलाही नाही.

प्रदर्शन सुरू झाल्याला आठ दिवस झाले आणि हेदरचा फोन आला.

"डीन, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी सीट बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"खाली गेलीय. फोटोत दिसायला लागलंय."

एकेचाळीस वर्षांत माझी सीट आठ दिवसांत कधी बसली नव्हती.

३

सोमवारी म्युझियम बंद असतं. मी सकाळी हत्यारं घेऊन गेलो. हेदरनं सेन्सर बंद केला आणि ती शेजारच्या दालनात दिवे बदलायला गेली. खोलीत मी एकटा. नकली खिडकीमागे नकली उजेड, टेबलावर चष्मा, भिंतीवर बायको-मुलांचे फोटो. सगळं नीट. ज्या घरात माणसं राहतात ते इतकं नीट नसतं.

मी गुडघ्यावर बसलो आणि सीटवर तळहात ठेवला.

फोम खराब असेल तर सगळीकडून सारखा दबतो. हा तसा नव्हता. हा बसण्याचा खळगा होता. उंच माणूस, शंभर किलोच्या आसपास. पाय जमिनीला टेकवून, पाठ न टेकता, पुढे वाकून. पाहुणा बसतो तसा. आणि भार सगळा डावीकडे, जणू डाव्या बाजूला कुणी शेजारी बसलंय आणि हा त्याच्याकडे कललाय.

"हेदर, रात्री इथं गार्ड असतो का?" मी ओरडून विचारलं.

"कॅमेरे असतात. का?"

"त्या कॅमेऱ्यांत कुणी बसलेलं दिसतं का बघ."

तिनं लॅपटॉपवर पाहिलं. आठ दिवसांचं पळवत पाहिलं. कुणी नव्हतं. म्हणाली, "पण ही गंमत बघ," आणि पहिल्या दिवसाचं चित्र आणि कालचं चित्र शेजारी लावलं. पहिल्यात सीट भरलेली. दुसऱ्यात खळगा. मधे कधी बसला ते दिसत नव्हतं. सावली सरकते तसा सरकत गेला होता.

गरमी असेल, दिवे असतील, फोमचा एक लॉट वाईट निघतो कधीकधी, असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. नवीन फोम घातला, कडक. काम संपलं. तोंड रिकामं झालं. हत्यारं गोळा केली, दोर लावला आणि वळताना माझ्या तोंडून, पन्नास वर्षांची सवय, निघून गेलं, "बराय, येतो." म्हटलं ते म्हटलं, वर आपली गंमत केली. मान लववून त्या खुर्चीला म्हणालो, "तुम्हीही या एकदा घरी. आपलंच घर समजा."

पाठीमागे सीट हलकेच कुरकुरली. नवीन फोम कुरकुरतोच.

४

चार दिवसांनी दुकानातून साडेपाचला घरी आलो. अलका तिच्या रिक्लायनरमध्ये, पायांवर शाल, चेहरा जरा टवटवीत.

"अहो, तुमचे पाहुणे येऊन गेले."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. उंच आहेत, सुटात. चार वाजता आले, तासभर बसले."

"दार कुणी उघडलं?"

"उघडंच असेल. तुम्ही लॅच ओढत नाही, हे मी चाळीस वर्षं सांगतेय."

लॅच मी ओढला होता. मी मुद्दाम ओढतो, कारण ती उठू शकत नाही.

"काय म्हणाले?"

"आल्याआल्या विचारलं, 'इज डीन नॉट इन?' मग बसले, सोफ्यावर, माझ्याजवळच्या टोकाला. बोलले काही नाही. पण बसतात काय छान हो! आमच्या वॉर्डातल्या नव्या डॉक्टरांना मी सांगून दमले, पेशंटजवळ बसा, घड्याळ बघू नका. असं बसणं सगळ्यांना जमत नाही. आणि जाताना काय म्हणाले माहितेय?"

"काय?"

"'येटो.'" ती हसली, आणि हसताहसता तिला खोकला आला. "तुम्हीच शिकवलं असणार. मी पण म्हटलं, 'या हं.'"

मी कोट न काढता सोफ्याकडे गेलो. सोफा माझा, गादी माझ्या हातची. अलकाच्या खुर्चीशेजारच्या टोकाला तळहात ठेवला.

शंभर किलोच्या आसपास. पाय टेकलेले. पुढे वाकून. भार डावीकडे. अलका डावीकडे बसते.

५

माझं डोकं हिशेबी आहे. वाकड्या वाटेला ते सहज जात नाही. मी म्हटलं, हिची औषधं. झोपेची गोळी नवीन आहे, भास होऊ शकतो. ब्रॅकनेलला आमची मुलगी आश्लेषा असते, कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिला फोन केला. तिचा जन्म नॉटिंगहॅमचा, तिचं मराठी तिचंच.

"बाबा, आईला हॅलुसिनेशन होतोय का? तू जीपीला सांगितला का?"

"सांगतो. पण सोफ्यावर खळगा आहे, आशू."

"तू सोफाचा डॉक्टर आहेस, आईचा नाही." मग लगेच, "सॉरी. मी सोळाला येते, ऑपरेशन होईपर्यंत राहते. ओके?"

औषध बदललं. पाहुणा बदलला नाही. मी दुकानात असलो की चार वाजता यायचा, मी घरी असलो की नाही. अलका मला सगळं सांगायची, पूर्वी वॉर्डातल्या गोष्टी सांगायची तशी. आज पावसात भिजून आले होते, पण कार्पेट ओलं नाही झालं. आज 'त' जवळजवळ जमला. आणि प्रत्येक वेळी तेच: आल्यावर "इज डीन नॉट इन?" आणि जाताना "येतो."

तिचे पाय त्या आठवड्यात गुडघ्यापर्यंत सुजले.

"अलका, एक ऐकशील का? तो 'येतो' म्हणाला की तू 'या' म्हणू नकोस."

"का?"

"नको म्हणूस."

"घरी आलेल्या माणसाला 'या' न म्हणता कसं पाठवायचं? मग काय म्हणू, 'जा'?" ती माझ्याकडे बघत राहिली. आजाऱ्याकडे बघायची तिची नजर होती ती. पण आजारी ती होती. "तुम्ही घाबरलात का हो?"

"छे."

"मग आमंत्रण तुम्ही द्यायचं आणि राग माझ्यावर काढायचा, असं नका करू."

मी त्याला बोलावलं, असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

६

हेदरचा पुन्हा फोन, सीट पुन्हा बसली. सोमवारी गेलो. या वेळी आधी सगळं प्रदर्शन हिंडलो. धंद्यात गिऱ्हाईक कोण आहे ते नीट पाहून घ्यावं, ते मी पहिल्या वेळी केलं नव्हतं.

लहानपणाचे बूट, निवडणुकीचे बिल्ले, सह्यांचं पेन. युद्धाचं दालन अंधारं. शेवटी 'वारसा' नावाची लांबट खोली. तिथे पाटीवर लिहिलं होतं की अध्यक्षपद सोडल्यावर हे गृहस्थ दुःखात सापडलेल्यांच्या घरी स्वतः भेटायला जात. कॅमेरे नाहीत, भाषण नाही. तासभर शेजारी बसत आणि उठून जात. म्हणजे आपल्याकडे समाचाराला जातात तसं. खाली काचेच्या पेटीत लोकांची आभाराची पत्रं.

मी पत्रं वाचतो तेव्हा आधी तारीख वाचतो. दुकानदाराची खोड.

एका आईनं लिहिलं होतं, "मंगळवारी तुम्ही येऊन माझ्याजवळ बसलात त्याबद्दल आभार. तुम्ही का आलात ते तेव्हा कळलं नाही. मुलाची तार गुरुवारी आली."

दुसरं एका बाईचं. "माझ्या नवऱ्याला तुमच्याशी बोलायची फार हौस होती, पण तुम्ही त्याच्याशी एक शब्द न बोलता माझ्याच शेजारी बसलात. मला जरा रागच आला होता. शुक्रवारी सकाळी तो गेला."

"हेदर, या तारखा बघितल्यास?"

"हो ना, कुणीतरी चुकीच्या टाकल्यात. बऱ्याच पत्रांत तशाच आहेत. दुःखात माणसाला वार आठवत नाहीत, डक."

मी तिथल्या बाकावर बसलो. आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. तो मागं राहणाऱ्याच्या शेजारी बसतो. आमच्या घरी तो अलकाच्या शेजारी बसत होता. म्हणजे मागं राहणार अलका. जाणार मी. त्र्याहत्तर वय झालंय, धंदा करून झालाय, तिची चोवीस तारीख मात्र पार पडेल. मी मनातल्या मनात तो सौदा तिथल्या तिथे मान्य केला.

तरी शेवटी मी दुकानदारच. येणंच थांबवता आलं तर दोघंही राहू, हे का नाही करून बघायचं? मी खुर्चीच्या सीटमधून फोम काढला आणि आत जाड प्लायवूड घातलं, वर नावाला बोटभर जाड कापूस. कुणालाही त्यावर तासभर बसवणार नाही. कड मारायला चुका तोंडात धरल्या आणि काम झाल्यावरही दहाबारा चुका तशाच तोंडात ठेवल्या. जिभेला लोखंडाची चव घेऊन, ओठ मिटून, त्या खोलीतून बाहेर आलो. "येतो" म्हटलं नाही. "या" म्हटलं नाही. रस्त्यावर येऊन चुका रुमालात थुंकलो.

७

दुकान बंद केलं. दारावर पाटी लावली, घरगुती कारणासाठी. रोज चार वाजता मी अलकासमोर माझ्या खुर्चीत बसायचो, मांडीवर वर्तमानपत्र.

तेरा दिवस कुणी आलं नाही. सोफ्याचा खळगा हळूहळू भरत आला. अलकाच्या पायांची सूज उतरली, ती एकदा काठी घेऊन किचनपर्यंत गेली आणि स्वतःच्या हातानं चहा करून आली. "तुमच्यासारखा पांचट नाही," म्हणाली. आम्ही चोवीस तारखेची बॅग भरली. प्लायवूड लागू पडलं, असं मला वाटलं. इतका साधा उपाय होता.

सोळा नोव्हेंबर, रविवार. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. आश्लेषा संध्याकाळच्या ट्रेननं येणार होती. दुपारी वरणभात खाल्ला आणि खुर्चीत माझा डोळा लागला. एरवी मी दुपारी झोपत नाही.

जाग आली ती गार वाऱ्यानं. पुढचं दार किंचित उघडं होतं. घड्याळात पाच. बाहेर अंधारत आलेलं, दिवा लावलेला नाही. अलका रिक्लायनरमध्ये जागी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"अहो, आला होता ना. चार वाजता. मी तुम्हाला उठवणार होते, पण त्यानं ओठांवर बोट ठेवलं. आज तुम्ही भेटलात शेवटी, किती दिवस तुमचीच चौकशी करत होता. तासभर बसला."

"कुठं?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. जेवणाच्या टेबलाची गादीची खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढलेली होती. अगदी जवळ, कोपराला कोपर लागेल इतकी. माझ्या उजव्या हाताला.

"आणि जाताना?" मी विचारलं. "जाताना काय म्हणाला?"

"काहीच नाही." तिनं शाल सारखी केली. "'येतो'सुद्धा म्हणाला नाही आज. नुसता उठला आणि गेला. समाचाराला आल्यावर जातात ना, तसा."

एक क्षण मला आनंद झाला, तोही नोंदवतो. 'येतो' म्हणाला नाही, म्हणजे आता येणार नाही. मग मी हात लांब करून त्या खुर्चीच्या गादीवर ठेवला. ऊब अजून होती. भार डावीकडे. डावीकडे मी होतो.

अलका म्हणाली, "दिवा लावा ना. आणि इकडे या, माझ्याजवळ बसा जरा. त्याच्यासारखं बसा. बोलू नका."

मी बसलो. तिनं माझा हात धरला आणि नाडी बघतात तसा मनगटावर अंगठा ठेवला. माझी नाडी पळत होती. तिला ती कळली असणार. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, तिला सगळंच कळलं असणार, आणि बहुधा माझ्या कितीतरी आधी.

८

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अलका गेली. आश्लेषा शेजारी होती, मीही होतो. त्रास झाला नाही.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं. नॉटिंगहॅममधले आपले सगळे डॉक्टर, त्यांच्या बायका, तिचे जुने सिस्टर लोक. हेदरही आली, कार्ड घेऊन. दारात थांबून म्हणाली, "डीन, आता सांगायची वेळ नाही, पण खुर्ची पॅक केली आम्ही. सीट अगदी पहिल्यासारखी झालीय. टम्म. आत काय घातलंस तू?"

"लाकूड," मी म्हटलं.

"लाकूड नाहीये ते, डक. मी दाबून बघितलं, मऊ आहे."

प्रदर्शनाचा पुढचा मुक्काम ग्लासगो, खुर्ची तिकडे गेली.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी भेटायला आलेला माणूस निघताना "येतो" म्हणत नाही, आणि घरचे "या" म्हणत नाहीत. असल्या कारणासाठी पुन्हा यायला लागू नये म्हणून. अलकाचा जुना सहकारी शशिधर रोज यायचा, माझ्या खांद्याला हात लावायचा आणि न बोलता चपला घालायचा. इथं जन्मलेल्या मुलांना हे माहीत नसतं. आश्लेषा पहिल्या दिवशी सगळ्यांना "बाय, थँक्यू, या हं" करत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"मग काय म्हणायचा, बाबा?"

"काही म्हणायचं नाही. गप्प राहायचं."

"दॅट्स सो हार्ड," ती म्हणाली.

"हो."

९

तेराव्या दिवशी दुपारी बारा-पंधरा माणसं होती. सोफा भरलेला. मी एका टोकाला, आश्लेषा दुसऱ्या टोकाला, मधे लोक बसत होते आणि उठत होते. मी कुणाकडे मान वर करून बघत नव्हतो. बूट दिसायचे, पँटचे पाय दिसायचे, साड्यांचे काठ. अलकाच्या रिक्लायनरवर तिची शाल होती, तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. कुणीतरी चहा हातात दिला, तो गार झाला. मधे कुणीतरी बराच वेळ बसलेलं होतं, काळे बूट, जमिनीला नीट टेकवलेले. कुणाचे ते मी पाहिलं नाही.

मग एकेक करून सगळे उठले. न बोलता. कोट घालण्याचे आवाज, चपला, दार उघडणं. बाहेर पाऊस लागला होता. आश्लेषा कप गोळा करायला लागली.

आणि दारातून कुणीतरी म्हणालं, "येतो."

स्वच्छ. तुमच्या-माझ्यासारखं. 'त' अगदी जिथं टेकायला पाहिजे तिथं टेकवून.

आणि मी, हातातल्या गार चहाकडे बघत, म्हणालो, "या."

त्या दिवशी तोंडात दहाबारा चुका धरल्या असत्या तर हे झालं नसतं. पन्नास वर्षं आल्यागेल्याला जे म्हणत आलो तेच म्हणालो. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. लॅच ओढलेला होता.

"बाबा," आश्लेषा हातात कप घेऊन उभी होती, "तू म्हणालास की गप्प राहायचा."

"कोण होता तो? तू पाहिलास?"

"द टॉल मॅन? मला वाटला आईचा कन्सल्टंट. आपल्या दोघांच्या मध्ये बसला होता ना, फॉर लाइक, ॲन अवर. खूप काइंड फेस." ती कप घेऊन किचनमध्ये गेली. नळ सुरू झाला.

मी उठलो नाही. बसल्या जागेवरून हात लांब केला आणि सोफ्याच्या मधल्या गादीवर तळहात ठेवला.

शंभर किलोच्या आसपास. पाय टेकलेले. पुढे वाकून. भार डावीकडे.

त्याच्या डाव्या हाताला आश्लेषा बसली होती. उजव्या हाताला मी.

हा माणूस नेहमी डावीकडेच कलतो. म्युझियमच्या खुर्चीत शेजारी कुणीच नव्हतं, तरी डावीकडेच. म्हणजे यावरून काही ठरत नाही, हे मला कळतं. एकेचाळीस वर्षं मी हेच काम करतोय. तरी मी सारखा तिथे हात फिरवतो, रोज, आश्लेषा वरच्या खोलीत कामाला बसली की. ती आता इथूनच काम करते, ब्रॅकनेलला परत जा म्हटलं तर ऐकत नाही. मी गादी बदलत नाही. फोम भरून यायच्या आत मला खात्री करून घ्यायची आहे की तो तिच्याकडेच कलला होता, की मागं राहणारी तीच आहे.

आज तळहाताला असं वाटलं की भार जरा मधे, माझ्या बाजूला सरकलाय.